न विचारलेले पाच प्रश्न

ऑर्लीन स्टिडमला माणूस चेहऱ्यावरून ओळखता येतो, असा तिचा ठाम समज होता. डोंगरातल्या कोल्ड फोर्क गावच्या दवाखान्यात नर्स म्हणून एकतीस वर्षं काढली तिनं. गरोदर बाई दारातून आत आली, की तिची चाल, तिचे बूट आणि तिचे दात बघून ऑर्लीनचा निकाल तयार असायचा. वजन नंतर, रक्तदाब त्याच्याही नंतर. गावालाही हे पटलेलं होतं. "ऑर्लीनबाईपुढं थापा चालत नाहीत हं," असं आया आपल्या लेकींना बजावून पाठवायच्या.

पहिल्या भेटीला एक पिवळा कागद भरायचा असे. त्यावर पाच प्रश्न. आईवडिलांपैकी कुणाला दारूचा किंवा नशेचा त्रास होता का? मित्रमैत्रिणींपैकी कुणाला आहे का? नवऱ्याला? पूर्वी कधी तुला स्वतःला? आणि शेवटचा, गेल्या महिन्याभरात दारू, गोळ्या, आणखी काही घेतलंस का? प्रत्येकापुढं दोन चौकोन, हो आणि नाही. येणाऱ्या प्रत्येक बाईला पाचही प्रश्न विचारावेत, असं वरच ठळक अक्षरांत छापलेलं होतं.

पण छापणारे राजधानीत बसलेले. त्यांना काय कळतंय, डोंगरात कुणी कुणाला काय विचारायचं असतं ते! नदीपलीकडं, बंद पडलेल्या खाणीच्या अंगाला, चाकांवरच्या पत्र्याच्या घरांची वस्ती होती. तिकडची पोरगी आली, की ऑर्लीन पाचही प्रश्न विचारायची, आणि विचारताना चष्म्यावरून असं बघायची, की ती पोर खुर्चीत अर्धी व्हायची. आणि चर्चमधली बाई आली, शाळेतली बाई आली, कुणा डीकनची, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्याची, सून आली, तर ऑर्लीन गप्पा मारता मारता पेन्सिल उचलायची आणि 'नाही'च्या चौकोनांत एका दमात पाच खुणा करायची. तिला विचारायचं काय त्यात! असल्या बाईला असलं विचारणं म्हणजे तिच्या तोंडावर थुंकणं. ऑर्लीन याला मान राखणं म्हणायची. आणि आता तिला नावं ठेवून उपयोग नाही, आम्ही सगळेच तेच म्हणायचो.

डेल्फिया नेपियर दवाखान्यात आली ती एप्रिलमध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर. चर्चमध्ये पियानो वाजवायची ती. रविवारी लहान मुलांचा वर्ग घ्यायची. तिची आई वारली तेव्हा ती अकरा वर्षांची होती, आणि आईची जिवलग मैत्रीण म्हणून ऑर्लीननंच तिला वेणी घालायला शिकवली, बिस्किटं भाजायला शिकवली. डेल्फिया तिला मावशी म्हणायची. चौदा वर्षं सगळं चर्च त्या पोरीला मूल व्हावं म्हणून प्रार्थना करत होतं. शेवटी शेवटी तर लोक तिच्यासमोर प्रार्थना करायलाही कचरायचे, तिला लागेल म्हणून. त्यामुळं ती दारात दिसल्याबरोबर ऑर्लीन चक्क रडली.

"आलीस का गं बाई! ये, बस. पाय वर घे. उलट्या होतायत का? होऊ देत. होणारच."

डेल्फिया बसली. तिच्या मांडीवर तपकिरी चामड्याची मोठी पिशवी होती, आणि ती तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. दोन वर्षांपूर्वी घाटात तिची गाडी कोळशाच्या ट्रकवर आदळली होती, तेव्हापासून ती पाठ जरा सावरूनच बसायची.

"ती पिशवी ठेव की खाली. कुणी पळवत नाही तुझी."

"राहू दे मावशी."

तिनं पिशवी सारखी केली तेव्हा आत काहीतरी खुळखुळलं.

"पेपरमिंट आणलीस वाटतं. बरं केलंस, मळमळीला चांगली," ऑर्लीन म्हणाली आणि पिवळा कागद पुढं ओढला. "तुझ्या आईचा तो वाळवलेल्या सफरचंदांचा थराचा केक आठवतो का? बारसं होईल तेव्हा तोच करायचा. बारा थर. मी सांगते कसा ते."

डेल्फिया कागदाकडं बघत होती. "मावशी, तो कागद..."

"अगं, हा होय? हा काही तुझ्यासाठी नाही. हा त्या नदीपलीकडच्या पोरींसाठी. सरकारला दुसरे उद्योग नाहीत." आणि बोलता बोलता तिनं पाच खुणा केल्या. पाच सेकंदसुद्धा लागले नसतील. "झालं. आता दंड दे इकडं, रक्तदाब घेते."

डेल्फिया हसली. थोडं उशिरा हसली, पण हसली. आणि दंड पुढं केला.

त्याच आठवड्यात नदीपलीकडची मिस्टी गेहार्ट आली. एकोणीस वर्षांची, पुढचा एक दात नाही, केस विस्कटलेले. ऑर्लीननं तिला पाचही प्रश्न विचारले, चष्म्यावरून बघत. मिस्टीनं चौथ्याला हो म्हटलं, पाचव्याला मान खाली घातली. "ठाऊकच होतं मला," असं ऑर्लीन तोंडावर म्हणाली. पण कागदावर खूण झाली होती, तेव्हा पुढचं सगळं नियमानं झालं. डॉक्टर ॲडकिन्स यांनी दोन तासांवरच्या मोठ्या दवाखान्यात फोन केला. तिथं त्या पोरीला गोळ्यांची ओढ आवरणारं औषध सुरू झालं, दर आठवड्याला तपासणी. एकदम सोडायचं नाही, असं डॉक्टरांनी तिला तीनदा बजावलं. पोटात मूल असताना एकदम सोडलं तर आई तडफडते आणि मूलही तडफडतं.

उन्हाळाभर चर्चमधल्या बायका डेल्फियाच्या बाळासाठी गोधडी शिवत होत्या. आमच्याकडं पहिल्या बाळाची गोधडी एकटीनं शिवत नाहीत. प्रत्येकीनं एकेक चौकोन करायचा, आपलं नाव कोपऱ्यात टाक्यांनी घालायचं, आणि मग सगळ्या चर्चच्या तळघरात बसून ते जोडायचे. ऑर्लीनचा चौकोन मधोमध होता, निळ्या फुलांचा. सातवा महिना लागला तेव्हा गोधडी तयार झाली. बायका ती घेऊन डेल्फियाच्या घरी गेल्या, केक खाल्ला, तिच्या पोटावर हात ठेवून प्रार्थना केली आणि आनंदात घरी परतल्या.

त्यानंतर तीन दिवसांनी डेल्फिया दवाखान्यात आली. ती घामानं डबडबली होती, सारख्या जांभया देत होती, नाक गळत होतं आणि पाय खुर्चीत स्वस्थ राहत नव्हते. अंगावरची बारीक लव उभी राहिली होती.

"फ्लू आहे गं," ऑर्लीन म्हणाली. "शाळा सुरू झाल्या ना, त्या पोरांनी आणला असणार. लिंबूपाणी घे, पडून राहा."

हेच दिसलं असतं मिस्टीच्या अंगावर, तर ऑर्लीननं लांबूनच ओळखलं असतं. एकतीस वर्षांत शंभरदा पाहिलं होतं तिनं ते. पण डेल्फियाकडं बघताना तिला पियानोपुढं बसलेली डेल्फियाच दिसत होती, त्याला काय करणार! डॉक्टर त्या दिवशी परगावी होते. तिनं त्यांना फोनसुद्धा केला नाही. डेल्फियाच्या खांद्यावर आपला स्वेटर टाकला आणि तिला घरी धाडलं.

दोन दिवसांनी बाळ गेलं. मुलगी होती. पोटातच गेली.

डेल्फियाचा नवरा व्हर्जिल शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. फार बोलणारा माणूस नव्हे. दफन झाल्यावर तो दवाखान्याच्या मागच्या दारानं आला आणि हातातली टोपी फिरवत उभा राहिला.

"ऑर्लीनबाई, तुम्हाला सांगितलं पाहिजे. पाठीच्या गोळ्या होत्या ना तिच्या, अपघातानंतरच्या... ती त्या घेतच होती. दोन वर्षं. मलासुद्धा माहीत नव्हतं. गोधडी आली त्या दिवशी तिनं सगळ्या संडासात ओतल्या. म्हणाली, एवढी नावं त्या गोधडीवर, आणि मी ही असली."

ऑर्लीननं टेबलाची कड धरली.

"डॉक्टर म्हणतात नक्की कशानं गेलं ते सांगता येत नाही," व्हर्जिल पुढं म्हणाला. "कशानंही जाऊ शकतं म्हणाले. मी कुणाला दोष द्यायला नाही आलो हो. फक्त... तुम्हाला काही बोलली होती का ती?"

"नाही रे," ऑर्लीन म्हणाली. "काही नाही बोलली." आणि हे खरंच होतं.

बाळाबरोबर ती गोधडी पुरली होती. ऑर्लीनचं नाव मधोमध असलेली.

ऑक्टोबरमध्ये मिस्टी गेहार्टला मुलगा झाला. पहिले काही दिवस चिडचिडा, थरथरणारा. मोठ्या दवाखान्यात तीन आठवडे त्याला सांभाळावं लागलं. पण मग धडधाकट घरी आला, आणि मिस्टी त्याला मुद्दाम दाखवायला घेऊन आली.

"बघा बाई. तुम्ही विचारलंत म्हणून, नाहीतर मी कशाला तोंड उघडतेय? फार घाण बघत होता तुम्ही माझ्याकडं, पण विचारलंत."

ऑर्लीननं पोराला हातात घेतलं, बोटं मोजली, परत दिलं. मग औषधांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि बराच वेळ बाहेर आली नाही. जिला हलकी समजून विचारलं, तिचं मूल तिनं आत्ता हातात धरलं होतं. हे तिला सहन होईना.

त्या दिवसापासून ऑर्लीन सगळ्यांना विचारू लागली. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. पास्टरची सून कोरिना आली, तिला विचारलं. कोरिना उठून उभीच राहिली.

"मला? मला विचारताय तुम्ही हे?"

"येईल तिला विचारते. तुझ्या आधी आली तिला विचारलं, तुझ्यानंतर येईल तिलाही विचारणार. बस खाली."

"नदीपलीकडची समजलात काय मला?"

"नदीपलीकडच्या पोरी बऱ्या गं, उत्तर तरी देतात."

झालं! गावात यावरून एकच गदारोळ उठला. ऑर्लीनबाईला म्हातारपणी भ्रम झाला, असं म्हणणारे निघाले. डीकन लोकांनी डॉक्टरांकडं तक्रार नेली. चर्चमध्ये तिच्या बाकावर दोन्ही बाजूंनी जागा मोकळी राहू लागली, आणि सामुदायिक जेवणात तिच्या मक्याच्या पावाला कुणी हात लावेना. ऑर्लीन तो पाव घरी न्यायची आणि आठवडाभर ताकात कुस्करून एकटीच खायची.

पण विचारायचं सोडलं नाही तिनं. उलट विचारायची रीत बदलली. दार लावायचं. नवरा, आई, सासू, जे कोण बरोबर असेल त्याला बाहेर बसवायचं. चष्मा काढून टेबलावर ठेवायचा, म्हणजे वरून बघायची सोयच नको. आणि प्रश्नांच्या आधी सांगायचं, "हा कागद कुठं जातो ते ऐक. डॉक्टर बघतात, मी बघते. मूल जन्मल्यावर ते आईपाशी ठेवायचं का, याच्या चौकशीला सरकारी माणसं येतच नाहीत, असं मी तुला सांगणार नाही, कारण कधीकधी येतात. पण जी बाई आधीपासून औषध घेतेय, तपासणीला येतेय, तिच्या बाजूनं उभं राहायला मला काहीतरी हातात असतं. आता विचारू?" मग विचारायची आणि थांबायची. मनातल्या मनात दहा आकडे मोजायची. पहिल्यांदा समजलं तिला, की बायका खरं उत्तर बहुधा सातआठ आकड्यांनंतर देतात. इतकी वर्षं ती तीनवरच पुढं जात आली होती.

पुढच्या दोन वर्षांत दोन शिक्षिका हो म्हणाल्या. एका डीकनची मुलगी रडत रडत हो म्हणाली, न्याहारीच्या आधी वाइन लागते म्हणून. आणि एके दिवशी कोरिना आपण होऊन परत आली, दार लावून घेतलं आणि म्हणाली, "तिसरा प्रश्न परत विचारा. नवऱ्याचा."

डेल्फिया मात्र बोलत नव्हती. म्हणजे भेटली तर बोलायची, हवापाण्याचं. तिनं पियानो सोडला होता. मे महिन्यात सगळं गाव आपापल्या टेकडीवरच्या थडग्यांवर फुलं वाहायला जातं, गवत काढतं, तिथंच डबे उघडतं. त्या दिवशी ऑर्लीन लांबूनच तिला बघायची. डेल्फिया त्या एवढ्याशा दगडापाशी गुडघ्यांवर बसून हातानं गवत उपटायची, आणि व्हर्जिल मागं उभा असायचा. जवळ जायचं ऑर्लीनला धाडस व्हायचं नाही.

एका गोष्टीवर ऑर्लीन तगून होती, आणि ती तिनं कुणालाच सांगितली नव्हती. रोज रात्री उशीवर डोकं टेकलं, की ती स्वतःला समजवायची: मी विचारलं असतं, तरी डेल्फियानं सांगितलं नसतं. नवऱ्याला जिनं कळू दिलं नाही, ती मला काय सांगणार? नाहीच म्हणाली असती. खुणा त्याच चौकोनांत पडल्या असत्या. एवढं घोकलं, की तिला झोप लागायची.

बाळ गेल्याला अडीच वर्षं झाली तेव्हा, मार्चमध्ये, डेल्फिया पुन्हा दवाखान्यात आली. अडीच महिने झालेले. वय सदतीस.

ऑर्लीन सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेली. "हिची नोंद दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. माझ्याच्यानं व्हायचं नाही."

डॉक्टर ॲडकिन्स यांनी मान डोलावली आणि नवी नर्स पाठवली. दोन मिनिटांत ती पोर परत आली. "त्या म्हणतात, ऑर्लीनबाई असतील तरच."

मग काय करणार! ऑर्लीन आत गेली. दार लावलं. डेल्फिया त्याच खुर्चीत बसली होती, तीच तपकिरी पिशवी मांडीवर घेऊन. ऑर्लीननं चष्मा काढून ठेवला. कागद ओढला. कागद कुठं जातो ते सांगायला लागली, पण मध्येच थांबून पाणी प्यायली. मग पहिल्यापासून सांगितलं, सगळं, एक शब्द न गाळता.

"विचारू?"

"विचार."

"आईवडिलांपैकी कुणाला?"

"बाबांना. तुला माहीत आहे."

ऑर्लीनला माहीत होतं. तरी तिनं खूण केली. "मैत्रिणींपैकी?"

"नाही."

"नवऱ्याला?"

"व्हर्जिलला? तो रविवारी कॉफीसुद्धा घेत नाही." दोघी किंचित हसल्या, आणि ते हसू तिथंच विरलं.

"पूर्वी कधी," ऑर्लीन म्हणाली, आणि तिनं पेन्सिल चौथ्या प्रश्नावर नेली. "पूर्वी कधी तुला स्वतःला, दारूचा किंवा गोळ्यांचा त्रास होता का?"

तिनं मोजायला सुरुवात केली. पण मोजावं लागलंच नाही. ती एकवर होती, तेवढ्यात डेल्फिया म्हणाली, "हो."

इतक्या लवकर आलेल्या उत्तरानं ऑर्लीन गोंधळली. पेन्सिल चौकोनावर तशीच राहिली.

"मागच्या वेळी पण हेच सांगायला आले होते मावशी," डेल्फिया म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच फार वाईट होतं. "येताना गाडीत सगळं पाठ केलं होतं. बाटली या पिशवीत होती, तुला दाखवायला आणलेली. म्हटलं, मावशी विचारेल, की लगेच हातात देईन. माझं मला सुरुवात करायला जमलं नसतं गं. तू विचारशील तेवढीच वाट बघत होते."

ऑर्लीनला ते खुळखुळणं ऐकू आलं. पेपरमिंट. अडीच वर्षं उशीवर घोकलेलं सगळं त्या एका क्षणात गेलं, आणि आता पुढं कुठल्या आधारावर झोपायचं, ते तिला कळेना. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि म्हातारी बाई जशी रडते तशी, आवाज न करता, खांदे हलवत रडली.

"माझं चुकलं गं पोरी. फार चुकलं. तुझा मान राखायला गेले मी."

डेल्फियानं तिला रडू दिलं. जवळ घेतलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. थोड्या वेळानं तिनं पिशवीची चेन उघडली, आत हात घातला आणि औषधाची एक छोटी नारिंगी बाटली काढून पिवळ्या कागदावर ठेवली. निम्मी भरलेली होती.

"मध्ये वर्षभर काही नव्हतं. ख्रिसमसला पुन्हा सुरू झालं," ती म्हणाली. "पाचवा राहिलाय अजून. विचार."

ऑर्लीननं डोळे पुसले. पेन्सिल हातात घेतली.

"गेल्या महिन्याभरात," ती म्हणाली, "दारू, गोळ्या, आणखी काही घेतलंस का?"

"हो. आज सकाळी पण." डेल्फियानं पिशवी मांडीवरून उचलली आणि खाली जमिनीवर ठेवली. मग मोकळे झालेले दोन्ही हात पोटावर ठेवले. "आणि ऐक मावशी, या वेळी मी एकटीनं सोडणार नाहीये."

ऑर्लीननं 'हो'च्या चौकोनात खूण केली आणि फोन पुढं ओढला.